कागद आणि ओळंबा

मोटार चालवायची तर परवाना लागतो. बंदूक बाळगायची तर परवाना लागतो. औषधांचे दुकान थाटायचे तर नुसता परवानाही पुरत नाही, दुकानात शिकलेला औषधनिर्माता असावा लागतो. आणि ज्या छपराखाली आपली चार माणसे पन्नास वर्षे निर्धास्त झोपणार, ते छप्पर घालणाऱ्या गवंड्याला काय लागते? एक थापी, एक ओळंबा आणि गावात चार ओळखी. महाराष्ट्र सरकार त्याच्याकडे याहून अधिक काही मागत नाही.

ही गोष्ट माझ्या पुण्याच्या मेहुण्यांना सांगितली तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, "अहो, असे कसे? माझ्या फ्लॅटच्या वेळी तर फायलीत पन्नास कागद होते." होते, यात शंका नाही. पण त्या पन्नासांतला एकही कागद विटेवर वीट ठेवणाऱ्याचा नव्हता. आपल्याकडे घर बांधताना कागद पुष्कळ लागतात. कोणता कागद कोणाविषयी काय सांगतो, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. घर पाहावे बांधून, असे म्हणतात. मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर बुलढाण्याला घर बांधून पाहिले, आणि त्या वर्षभरात जे शिकलो त्यातले थोडे वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

आमचा जिल्हा दोन जातींच्या जमिनीचा. आम्ही घाटावरचा आणि घाटाखालचा, असेच बोलतो. बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. घाटावर बहुतेक ठिकाणी थोडे खणले की मुरूम लागतो. घाटाखाली काळी माती खोल. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर तीनचार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. शिवाय त्या भागात खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी मिठाचे. तेच पाणी काँक्रीटमध्ये कालवले तर आतली सळई गंजते, फुगते, आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे जेवणाच्या ताटात पडू लागतात. म्हणून तिकडचा जाणता गवंडी पाणी आधी चाखून पाहतो. ही विद्या त्याला कोणत्या शाळेने शिकविली? बापाने शिकविली, बापाला आज्याने.

आमचे मिस्त्री असेच पिढीजात. साठीच्या घरातले. मी मास्तर असल्यामुळे मुलाखत घेतल्याखेरीज काम देणे मला जमेना. मी विचारले, "मिस्त्री, तुमच्याकडे काही प्रमाणपत्र, परवाना वगैरे?" त्यांनी पिशवीतून सुतळीला बांधलेले ते वजन काढले, माझ्यासमोर सोडले आणि म्हणाले, "गुरुजी, कागद तं नाही माह्यापाशी. हा ओळंबा हाये. भिंत वाकडी असंन तं हा सांगते, मी नाही सांगत."

सौभाग्यवती आतून ऐकत होती. ती म्हणाली, "यांनाच काम द्या." मी दिले.

आता ओळंबेवाल्याला कागद लागत नाही, तर मग लागतो कोणाला? आपल्या राज्यात घरबांधणीच्या कामात ज्याला खरोखर परवान्यावाचून हात लावता येत नाही, असा कारागीर मुख्यतः एकच. तो म्हणजे वायरमन. १९१० च्या वीज कायद्याखाली १९५६ साली जे नियम झाले, त्यांत हे स्पष्ट लिहिले होते की दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर विजेचे कोणतेही काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच झाले पाहिजे. ते सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे, आणि प्रत्यक्ष तार ओढणाऱ्याच्या हातीही परवाना असावा. म्हणजे तीन माणसे, तीन कागद. पुढे २००३ साली नवा विद्युत कायदा आला, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली सुरक्षेचे विनियम काढले, तरी मूळ तत्त्व तेच राहिले. हे परवाने आपल्याकडे राज्याचे मंडळ देते. नवी वीजजोडणी मागताना आपण वीज कंपनीला जो 'टेस्ट रिपोर्ट' देतो, त्यावर याच परवानाधारक ठेकेदाराची सही लागते.

तारेला परवाना आणि भिंतीला नाही, असे का? वीज हे नवे जनावर होते. ते आले तेव्हा आपल्याकडे त्याचा पिढीजात माहुत कोणी नव्हता. म्हणून सरकारने कायदा केला. भिंत मात्र आपण हजारो वर्षे बांधीत आलो, तेव्हा ती जातीच्या आणि घराण्याच्या स्वाधीन राहिली. "लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ पाहा, सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांची समाधी पाहा, त्या पाथरवटांना परवाना कोणी दिला होता?" असे आमच्या जिल्ह्यात कोणीही अभिमानाने विचारतो. प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण त्या काळी बांधलेली जी घरे पहिल्याच पावसात बसली, ती पाहायला आज आपण जाऊ शकत नाही. जे उत्तम होते तेच उरले, आणि उरलेल्यावरून आपण सगळ्यांची परीक्षा करतो.

न उरलेल्यांची गोष्ट आपल्या राज्याने एका पहाटे पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती पोचवून लोक झोपले होते. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेकडची सुमारे आठ हजार माणसे गेली. ती मुख्यतः स्वतःच्याच घरांखाली गेली. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, आत बाहेर दगडाचे दोन पापुद्रे, मध्ये मातीची भर, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. दोन्ही पापुद्र्यांना सांधणारे आरपार दगड ठिकठिकाणी घातले असते, तर पुष्कळशा भिंती तशा फाकल्या नसत्या. माळवदासारखीच धाब्याची घरे आमच्या वऱ्हाडातही होती आणि जुन्या वेटाळांत अजून आहेत, म्हणून ही गोष्ट आम्हाला परकी नाही. पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या गवंड्यांना शिकवून तयार करण्यात आले. परंपरेने त्यांना जे दिले नव्हते ते त्यांनी शिकून घेतले. म्हणजे पिढीजात हातालाही शिक्षण लागतेच.

आणि दोष नुसता जुन्या माती-दगडाचाच असतो असेही नाही. २४ ऑगस्ट २०२० ला महाडला पाच मजली काँक्रीटची इमारत कोसळून १६ माणसे गेली. महाड म्हणजे काही मुंबई नव्हे. आमच्या खामगाव-मलकापूरसारखेच नगरपालिकेचे गाव. म्हणून मी घर बांधायला निघालो तेव्हा माझ्या मनात मिस्त्रींच्या ओळंब्याविषयी आदर होता, आणि पोटात भीतीही होती.

या भीतीपोटी मी कागद गोळा करू लागलो, आणि मग लक्षात आले की लोक तीन निरनिराळ्या कागदांना सरसकट 'लायसन' म्हणतात.

पहिला कागद कल्याणाचा. १९९६ साली केंद्र सरकारने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला, बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला, आणि त्या पैशातून महाराष्ट्रात २०११ साली कामगारांचे कल्याणकारी मंडळ उभे राहिले. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या माणसाची तिथे नोंद करण्याची सोय झाली. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळू लागली. फार चांगली गोष्ट. पण त्या ओळखपत्रावरून एवढेच समजते की हा माणूस बांधकामावर राबतो. तो चांगले बांधतो की वाईट, याबद्दल ते पत्र एक अक्षर बोलत नाही. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत राजमिस्त्रीही आहे. त्याला थोडे दिवसांचे प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि कमी व्याजाचे कर्ज मिळते. तोही परवाना नव्हे.

दुसरा कागद शिक्षणाचा. आयटीआयमध्ये वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर, गवंडी, सुतार असे अभ्यासक्रम असतात. ही कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० सालापासूनची. तिचे प्रमाणपत्र सांगते की हा मुलगा शिकला आणि परीक्षा उतरला. तुमच्या घराची हमी ते घेत नाही.

तिसरा कागद तेवढा खरा परवाना. तो सांगतो की हे काम बिघडले तर याला जाब विचारता येईल आणि याचा धंदा बंद करता येईल. घराच्या बाबतीत हा कागद विजेच्या ठेकेदाराकडे असतो, आणि नकाशावर सही करणाऱ्याकडे असतो. मुंबई आणि काही थोडे भाग सोडून साऱ्या महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्यात वास्तुविशारद, परवानाधारक अभियंता, संरचना अभियंता, पर्यवेक्षक यांची पात्रता आणि कर्तव्ये लिहून ठेवली आहेत. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा स्वतंत्र कायदा आहे. मोठी गंमत अशी की २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की तो कायदा 'वास्तुविशारद' ही पदवी लावण्यावर बंधन घालतो, तसे काम करण्यावर नव्हे. स्थापत्य अभियंत्यांसाठी तर डॉक्टर-वकिलांसारखा साऱ्या देशाला लागू असा नोंदणीचा कायदाच नाही.

शिवाय एक चौथा कागद गाडीच्या काचेवर असतो: 'गव्हर्नमेंट काँट्रॅक्टर'. सार्वजनिक बांधकाम खाते ठेकेदारांची ऐपतीप्रमाणे वर्गवारी करून नोंद करते. ती सरकारी कामापुरती. तुमच्या आमच्या घराशी तिचा संबंध नाही. पण ती पाटी पाहून भाव मात्र वाढतो.

एवढे ज्ञान झाल्यावर मला वाटले, आता विजेच्या बाबतीत तरी चिंता नाही. तिथे तिन्ही माणसांना कागद आहेत. त्यांतले जे ठेकेदार होते त्यांचे नाव-गाव सांगण्याचे येथे कारण नाही. परवाना अस्सल होता. मी स्वतः पाहिला. त्यांची माणसे आली, भिंती फोडल्या, नळ्या बसविल्या, तारा ओढल्या. टेस्ट रिपोर्ट सहीशिक्क्यानिशी घरपोच आला. ठेकेदारसाहेब स्वतः मात्र एकदाही आले नाहीत, आणि पर्यवेक्षक म्हणून ज्यांचे नाव कागदावर होते ते गृहस्थ आमच्यापैकी कोणी कधी पाहिले नाहीत.

त्या सुमारास मिस्त्रींचा धाकटा मुलगा सुटीवर आला होता. आयटीआयला तारतंत्री झालेला, पुढे वायरमनचा परवाना काढलेला, संभाजीनगरला कारखान्यात कामाला. बापाला डबा द्यायला आला आणि सवयीने खिशातले छोटे यंत्र काढून एकेक प्लग तपासू लागला. न्हाणीघरातल्या गिझरच्या प्लगपाशी थांबला. पेचकसाने पाटी उघडली, आत पाहिले, आणि मला हाक मारली.

"सर, रिपोर्टवर सही झाली ना?"

"झाली. का रे?"

"ही हिरवी तार कुठंच जात नाही."

हिरवी तार म्हणजे अर्थिंगची. गिझरच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या तारेवाटे जमिनीत जावी, एवढ्यासाठी ती असते. कोळसा, मीठ घालून अंगणात आम्ही तिच्यासाठी खड्डा केला होता, त्यात पत्रा पुरला होता. पण न्हाणीघरातली तार पाटीमागे चार बोटांवर तोडून सोडली होती. बाहेरून सारे झकपक. दिवाळीला नातवंडे येणार होती, आणि पहिली अंघोळ त्याच न्हाणीत व्हायची होती. मी काही बोललो नाही. मिस्त्रींनी तेवढे हातातले काम खाली ठेवले.

ठेकेदारसाहेबांना बोलाविले. "अहो, पोरांकडून राहिले असेल, सगळीकडे असेच चालते," असे ते म्हणाले. मी म्हणालो, "सगळीकडचे मला ठाऊक नाही. रिपोर्टवर सही आपली आहे. हवे तर वीज निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारू." त्यांचा स्वर खाली आला. दुसऱ्या दिवशी माणसे आली, गिलावा फोडला, तार पोचती केली, आणि मुख्य फळीवर गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण बसवून गेली. ते तीस मिलिअँपिअरचे असावे, हे मला त्या पोरानेच सांगितले.

यावर आमचे एक शेजारी म्हणाले, "पाहिलेत? परवान्यात काही अर्थ नाही." मला नेमके उलटे वाटते. माझे मिस्त्री एखादा कॉलम चुकवते आणि तो मला दहा वर्षांनी कळता, तर मी कोणत्या कार्यालयाचे नाव घेतले असते? तारेच्या बाबतीत मला नाव घेता आले, म्हणून दुसऱ्या दिवशी माणसे आली. परवाना म्हणजे हुशारीचे पदक नव्हे. चूक झाली तर कोणाच्या दारी जायचे, याचा तो पत्ता आहे. पत्ता असून माणूस घरी सापडत नसेल, तर दार ठोठवायचे असते. पत्ता पुसून टाकायचा नसतो.

जगाने हा पत्ता निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिला आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कायदा कोरला, की घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. त्या राज्यात परवान्याची गरज पडत नसावी! आज अमेरिकेत प्रत्येक राज्याची रीत वेगळी. कॅलिफोर्नियाचे ठेकेदारांचे परवाना मंडळ १९२९ पासूनचे. तिथे ठेकेदाराला निदान चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, आणि पंचवीस हजार डॉलरचा जामीन ठेवावा लागतो. जर्मनीचा धडा याहून बोधप्रद. तिथे स्वतंत्र धंदा थाटायला 'माइस्टर' म्हणजे उस्ताद ही परीक्षा लागे. २००४ साली सरकारने ५३ व्यवसायांची ही अट काढून टाकली. कामाचा दर्जा आणि उमेदवारांचे शिक्षण यांची काळजी वाटू लागली, तेव्हा २०२० साली १२ व्यवसायांना अट पुन्हा लावली. त्यांत फरशी बसविणारेही आले. गवंडी आणि वीजतंत्री यांची अट मात्र मधल्या काळातही कधी सुटली नव्हती.

मग आपल्याकडे उद्यापासून गवंड्यांना परवाना सक्तीचा करावा काय? मी हा प्रश्न मिस्त्रींनाच विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "करा ना गुरुजी. पण परीक्षा भितीवर घ्या, कागदावर नका घेऊ. माही शाळा चौथीवरच सुटली." यात सारे आले. परवान्यासाठी दहावीची अट घातली, शुल्क ठेवले, जिल्ह्याच्या गावी चार खेटे घालायला लावले, की हा साठ वर्षांचा जाणता हात बाहेर फेकला जाईल आणि सही विकणारा आत बसेल. परीक्षा बांधकामावर घ्यावी, तोंडी घ्यावी, फुकट घ्यावी. कॉलमच्या रिंगेचे आकडे आत कसे वळवायचे, सळईवर काँक्रीटचे आवरण किती ठेवायचे, पाणी किती दिवस मारायचे, हे त्याने करून दाखवावे. जे कमी पडेल ते शिकवावे, आणि मगच नाव नोंदवावे. अनुभवाने मिळविलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय आपल्याकडे सुरू झालेलीच आहे. घरकुल योजनेतही ग्रामीण गवंड्यांना काम करता करता शिकविले गेले. वाट आहे, ती शहरातल्या आणि तालुक्यातल्या खासगी घरापर्यंत यायची आहे.

ती येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांना घर बांधायचे आहे त्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, विजेच्या ठेकेदाराच्या परवान्याची मुदत पाहावी, आणि पर्यवेक्षक प्रत्यक्ष आल्याशिवाय रिपोर्ट स्वीकारू नये. गिलाव्याआधी प्रत्येक प्लगची हिरवी तार डोळ्यांनी पाहावी. दुसरी, नकाशावर सही करणाऱ्याला जोत्याच्या वेळी, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतताना हजर राहायला सांगावे, आणि तसे लेखी ठरवावे. तिसरी, गवंड्याने पूर्वी बांधलेली दोन घरे तरी निदान पाच पावसाळे झालेली पाहावीत, आणि ठेक्यातली थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी, अर्थात त्याला आधी सांगून. चौथी, स्लॅबचे टेकू लवकर काढण्याची घाई कोणी केली तर ऐकू नये. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखाली निदान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याखाली चौदा दिवस ते राहिले पाहिजेत. फ्लॅट घेणाऱ्यांना २०१६ च्या रेरा कायद्याने बांधणीतल्या दोषांसाठी पाच वर्षांचे संरक्षण दिले आहे. ताबापत्राची तारीख जपून ठेवावी.

आणि या दिवाळीत ज्यांच्या गच्चीवर वायरमन माळा लावायला चढेल, त्यांनी त्याला चकली-चिवडा जरूर द्यावा. पण वर चढण्याआधी, तोंड गोड करता करता, त्याचा परवानाही एकदा मागावा. खरा कारागीर रागावणार नाही. आमच्या मिस्त्रींचा मुलगा तर तो खिशातच घेऊन फिरतो, आणि कोणी विचारले की त्याच्या बापाची मान ताठ होते.